नाना, तुम्ही थर्ड पार्टी!

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळी आठ वाजता मी पुण्यात गॅलरीत खुर्ची टाकून, कानाला हेडफोन लावून बसलो होतो. पलीकडे पारनेर तालुक्यात, कान्हूर पठाराच्या बाजूच्या आमच्या गावी, ओसरीवर माझा चुलतभाऊ बापू. मधे साधारण पंच्याऐंशी किलोमीटर हवा. ना मोबाईल, ना इंटरनेट. सात मेगाहर्ट्झवर आमच्या गप्पा चालल्या होत्या. गप्पा कसल्या म्हणा, 'तुझा आवाज कसा येतोय, माझा कसा येतोय', एवढंच. हॅम लोक याच विषयावर तासन् तास बोलू शकतात. (बायको म्हणते, एकमेकांना "ऐकू येतंय का" विचारायला एवढा खर्च केलात?)

बापूच्या शेजारी माझे वडील, नाना, चहा पीत बसले होते. मधेच ते म्हणाले, "त्याला विचार, गणपतीला येणार का. आणि येताना माझी गुडघ्याची गोळी आण म्हणावं."

बापू म्हणाला, "नाना, ते मला रेडिओवर सांगता यायचं नाही. तुमचा निरोप मी सांगितला की तो थर्ड पार्टी मेसेज होतो. तुमच्याकडं लायसन नाही."

"मी थर्ड पार्टी? अरे, बाप आहे मी त्याचा!"

हे सगळं बापूनं मला नंतर फोनवर सांगितलं. गोळीचा निरोपही त्याच फोनवर मिळाला. हसून हसून पुरेवाट झाली. पण नंतर गाडी चालवताना जाणवलं की नानांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. गेली तीन वर्षं या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, तर म्हटलं या विकांताला लिहूनच टाकावं.

मुळात मी या भानगडीत पडलो कसा ते सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. वळवाचा पाऊस झाला. आमच्याकडे तो कसा येतो ते पठारावरच्या माणसाला विचारा: अर्ध्या तासात पत्रे उडतात, विजेचे खांब आडवे होतात आणि मग दोन दिवस अंधार. त्या संध्याकाळी सात वाजता वीज गेली. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तास तगला आणि मध्यरात्रीच्या आत तोही गेला. इकडे पुण्यात मी नानांना फोन लावतोय आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकतोय. वीस-पंचवीस वेळा ऐकल्यावर गाडी काढली. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा... सुप्यापुढे एका ठिकाणी बाभळ आडवी पडलेली, ती चार जणांनी ओढून बाजूला केली. पहाटे घरी पोचलो तर नाना शेळीचं दूध काढत होते. म्हणाले, "एवढ्या रात्रीचा कशाला आलास?"

नाना ठीक होते. पण त्याच रात्री वस्तीवरच्या एका वहिनींना घोणस चावली होती. पत्रे उडाले म्हणून अंधारात गोठ्यात गेल्या, तिथं पायाला. १०८ ला फोन लावायचा, तर फोनच लागेना. एकानं मोटरसायकल काढून दुसऱ्या गावापर्यंत जाऊन रेंज मिळते का बघितलं, तिथंही नाही. शेवटी त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून, पडलेल्या झाडांमधून वाट काढत दवाखान्यात नेलं. अडीच तास गेले. त्या वाचल्या. पण घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं, त्यामुळे पुढे नगरला कित्येक दिवस डायलिसिस झालं. लवकर लस मिळाली असती तर एवढं झालं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. म्हणजे एका टोल फ्री नंबरवर एकानं फोन केला की त्याचा आवाज सगळ्या गावाच्या मोबाईलवर एकदम वाजतो. बिबट्या आला, चोर आले, आग लागली... फार उपयोगी व्यवस्था आहे, खरंच. पण ती मोबाईलवरच चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम केकाटले होते, आठवतंय का? ती सरकारच्या आपत्ती इशाऱ्याची चाचणी होती. तीही व्यवस्था उत्तम, आणि तिलाही टॉवर लागतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे बॅकअप एकाच डेटा सेंटरमध्ये ठेवलेत. ऑफिसात असं आर्किटेक्चर कुणी रिव्ह्यूला आणलं तर आपण त्याला हाकलून देऊ.

तर त्या घटनेनंतर मी काय केलं? जे आपल्यातला कुणीही करेल तेच. ऑनलाइन दोन वॉकीटॉकी मागवले. चार हजारांत दोन, चार्जरसकट. एक नानांकडे ठेवायचा, एक माझ्याकडे, विषय संपला! पार्सल आल्यावर गच्चीवर गेलो, यूट्यूबवर बघून एक फ्रीक्वेन्सी लावली, बटण दाबलं आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो, टेस्टिंग."

दोन सेकंदांनी त्यातून एक वयस्कर आवाज आला, "स्टेशन कॉलिंग, आपलं कॉल साइन सांगा प्लीज."

माझी जी तंतरली म्हणता! सेट बंद केला, खाली आलो आणि तो कपाटात स्वेटरच्या खाली लपवला. जणू पोलीस जिन्यात उभे आहेत. (हसू नका. विनापरवाना ट्रान्समीटर चालवणं हा खरोखरच गुन्हा आहे. या सेटच्या ऑनलाइन विक्रीवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे आता विकणाऱ्यांवरही बंधनं आली. परवान्याशिवाय चालणारे कमी ताकदीचे सेट ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळतात. पण ते शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पारनेरहून पुणे नव्हे.)

पुढे ओळखीतून ओळख निघत मी त्या आवाजापर्यंत पोचलो. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे एक निवृत्त काका. पन्नासेक वर्षं हॅम आहेत. सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बॅटरी काढून सेट कपाटातच ठेव. आधी परीक्षा दे." मी वहिनींची गोष्ट सांगितली आणि जरा चिडूनच विचारलं की माणूस मरत असताना लायसन काय बघत बसायचं?

काकांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण बहुतेक लोक इथंच गोंधळतात. आणीबाणीच्या बाबतीत नियमांत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली, जीव धोक्यात असतो तेव्हाची. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की संकटात सापडलेल्या किंवा त्याला मदत करणाऱ्या स्टेशननं लक्ष वेधण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी हाताशी असलेलं कुठलंही रेडिओ साधन वापरलं तर ही नियमावली आड येत नाही. आणि असा संकटाचा संदेश ऐकू आला की बाकीच्यांनी आपली बडबड थांबवून ऐकायचं, त्याला अग्रक्रम द्यायचा. म्हणजे 'माणूस मरताना लायसन बघायचं का' याचं उत्तर नियमातच आहे आणि ते माणुसकीचंच आहे.

दुसरी गोष्ट निरोपांची. एरवी हॅमनं हॅमशीच बोलायचं: तांत्रिक प्रयोग, आपल्या चाचण्या, थोडंफार वैयक्तिक. तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही, धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषा वापरायची नाही. यालाच नाना अडकले. पण भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा आपत्तीत ही थर्ड पार्टीची बंदी उठते. जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे, आपत्तीसंबंधीचे निरोप हॅमनं न्यायचे, त्यांनी सांगितल्यावर किंवा स्वतःहून पुढे होऊनही. आपल्या नियमांचं बूड १९७८ चं आहे, नंतर दुरुस्त्या झाल्या. २०२३ साली तर अख्खा दूरसंचार कायदाच नवा आला. तेव्हा परीक्षेला बसणाऱ्यानं ताजा मजकूर जरूर वाचावा. जागतिक पातळीवरही २००३ च्या परिषदेत हेच ठरलं की परदेशी तिसऱ्या पक्षाचे निरोप फक्त आणीबाणीत आणि आपत्तीतल्या मदतकार्यासाठी न्यायचे. त्याच परिषदेनं आणखी एक वाक्य घातलं: हॅम स्टेशनांना आपत्तीसाठी *तयारी* करता यावी म्हणून देशांनी पावलं उचलावीत. हा 'तयारी' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

मग माझ्या रागाचं काय झालं? काका म्हणाले, "तुला त्या रात्री सूट होती रे. पण उपयोग काय झाला असता?"

आणि खरंच, काय झाला असता? तो हातातला सेट साधारण सरळ रेषेत, नजरेच्या टप्प्यात चालतो. आमच्या वस्तीवरून मी कितीही "हॅलो हॅलो" केलं असतं तरी ते पुण्याला पोचलं नसतं. पुण्याला पोचायचं तर कमी फ्रीक्वेन्सी लागते, सात मेगाहर्ट्झच्या आसपासची. आणि अँटेना उंच नाही, मुद्दाम *खाली* बांधायची. वीस मीटरची तार, लिंबाच्या झाडापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत, जमिनीपासून चार-पाच मीटरवर. अशी तार लहरी सरळ वर आकाशात फेकते. त्या आयनोस्फिअरवरून आपटून छत्रीसारख्या खाली येतात आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पसरतात. मधे डोंगर असले तरी चालतं. रात्री हाच खेळ साडेतीन मेगाहर्ट्झवर खेळावा लागतो, कारण अंधार पडल्यावर वरचा थर पातळ होतो आणि सात मेगाहर्ट्झ त्यातून आरपार निघून जातं. म्हणजे तार दुप्पट लांब हवी. हे सगळं वादळ चालू असताना, विजेरी तोंडात धरून शिकायचं म्हणता? शिवाय पलीकडे त्या फ्रीक्वेन्सीवर कुणीतरी ऐकत बसलेलं पाहिजे, त्याला तुमचा आवाज ओळखीचा पाहिजे, आणि त्यानं तिथून १०८ ला फोन लावला पाहिजे.

थोडक्यात काय, आणीबाणीत नियम सूट देतो. सराव देत नाही.

इतिहास बघा. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आणि मग जानेवारी २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर केंद्र सरकारनं हॅमच्या तुकड्या तिथं पाठवल्या आणि त्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क लावून दिला. त्यांनी काही त्या दिवशी मॅन्युअल उघडलं नव्हतं. सगळ्यात बोलकं उदाहरण अंदमानचं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते ते निव्वळ हौसेनं. अंदमानातून हॅम प्रक्षेपणाला फार वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला टपून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. यांचे सेट लावलेले, अँटेना उभी, परवाना खिशात, पलीकडे ऐकणारे तयार. खेळ थांबवून ते खुशालीचे आणि मदतीचे निरोप धाडायला लागले. जगाला तिथली खबर त्यांच्यामार्फत कळत होती. ते तिथे असणं हा योगायोग, पण तयार असणं हा योगायोग नव्हता.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या, आता फोर-जी आहे, फाइव्ह-जी आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईतही मोबाईल होतेच की. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक रात्रभर घरच्यांचा आवाज ऐकायला तडफडले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, रायगडात गावंच्या गावं कित्येक दिवस वीज आणि फोनशिवाय होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. नेटवर्क वेगवान झालं, पण त्याचा विजेवरचा भार काही कमी झाला नाही. आणि उपग्रहावरचा फोन म्हणाल, तर तो आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगताच येत नाही. म्हणजे कागदपत्रं तिथंही आलीच.

दुसरा आक्षेप आमच्या ऑफिसातल्या मित्राचा. "एवढे नियम कशाला? सेट स्वस्त झालेत, प्रत्येक घरात एक देऊन टाका." ऐकायला छान वाटतं. पण विचार करा, रेडिओच्या एका फ्रीक्वेन्सीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दुसऱ्यानं बटण दाबलं की दोघांचीही खिचडी. कॉलेजात इथरनेटचं कोलिजन शिकलो होतो ना, तेच. फक्त इथं आपोआप थांबून पुन्हा पाठवणारं हार्डवेअर नाही, माणसानं स्वतः गप्प बसायचं असतं. पुरात दोनशे घरांनी एकदम "हॅलो हॅलो" केलं तर ज्याच्या छपरावर पाणी चढलंय त्याचा आवाज कुणालाच ऐकू येणार नाही. आधी ऐका, मग बोला, थोडक्यात बोला, कॉल साइन सांगा, नोंद ठेवा... या नियमांना मी आधी सरकारी कटकट समजत होतो. हा तर प्रोटोकॉल आहे.

सरकारला ट्रान्समीटरची भीती वाटते हेही खरं, आणि तिला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात हॅमचे परवाने बंद केले होते, आणि १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा तो शोधायला इंग्रज पोलीस दारोदार फिरत होते. गोरे गेले, संशय मागे राहिला. त्यातला थोडा अजूनही अनाठायी आहे असं माझं मत आहे. पण म्हणून सगळे नियमच टाकाऊ, असं नाही.

आम्हा पारनेरकरांना तर शिस्तीचं एक जादा कारण आहे. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला लागून जुन्नर, आणि तिथं खोडदला जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. पारनेर गावापासून चाळीसेक किलोमीटर, आणि अळकुटीकडून तर त्याहून जवळ. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी तिथं ऐकतात. त्या इतक्या क्षीण असतात की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला बघायला गेलात तर मोबाईल बंद करायला सांगतात. सुधारित दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते आणि हॅमचा हातातल्या सेटचा पट्टा, १४४ ते १४६, बरोबर तिच्या कानात येतो. म्हणजे आमच्याकडे कुणीही कुठलाही सेट घेऊन बटण दाबत सुटला तर कित्येक वर्षांच्या मेहनतीवर पाणी. आमचं रविवारचं सात मेगाहर्ट्झ त्यांच्या ऐकण्याच्या फार खाली आहे, म्हणून तेच निवडलं. हे असलं तारतम्य परीक्षेचा अभ्यास केल्याशिवाय येत नाही.

असो. आता माझी खरी तक्रार. नियम बरोबर आहेत, पण आपण ते अर्धेच पाळतो. 'आपत्तीत हॅमनं मदत करावी' हे सगळ्यांना मान्य. त्यासाठी आपत्ती यायच्या आधी काय करायचं, हे कुणाचंच काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप न्यायची मुभा आहे, पण ज्या दिवशी पूर येतो त्या दिवशीच हॅम आणि अधिकारी एकमेकांना पहिल्यांदा भेटणार. त्यांना माहीत नाही हा कोण, याला माहीत नाही निरोप कसा लिहून घ्यायचा.

आणि निरोप नेणं हे वाटतं तेवढं सोपं नाही हो! आम्ही दोघांनी करून बघितलंय. गेल्या महिन्यात ठरवून मोबाईल बंद केले, बापूनं सेटला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, आणि सुरुवातीला 'हा सराव आहे' असं सांगून त्यानं मला वीस शब्दांचा खोटा निरोप दिला. दोन हॅममधली चाचणीच ती, नियमात बसते. जुन्या तारेसारखी पद्धत आहे: निरोपाचा क्रमांक, किती तातडीचा, आणि एकूण शब्द किती. माझ्याकडे एकोणीस उतरले. गळालेला शब्द कुठला? 'नाही'. मूळ निरोप होता, "पूल वाहतुकीस सुरू नाही". माझ्या वहीत होतं, "पूल वाहतुकीस सुरू". शब्दांची संख्या जुळली नाही म्हणून परत विचारलं, नाहीतर कागदोपत्री मी एक एसटी नदीत घातली होती. चेकसम म्हणजे काय ते मला तेरा वर्षं नोकरी करून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या सकाळी कळलं.

आकड्यांची तर मराठीत वेगळीच गंमत. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस... खरखरीतून हे सगळे सारखेच ऐकू येतात. सात आणि साठ, आठ आणि साठ तसेच. साठ पाकिटांच्या जागी आठ पोचतील. म्हणून आम्ही एकेक अंक सुटा बोलतो: सहा, शून्य. हे कुठल्या नियमात वाचलं नव्हतं, चुकून चुकून शिकलो.

तर माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात परवानाधारक हॅमची नावं असावीत, बोटीच्या आणि जेसीबीच्या शेजारी. दरवर्षी पावसाळ्याआधी एक सकाळ तालुक्याच्या कचेरीत मोबाईल बंद ठेवून हॅमकडून जिल्ह्याला सरावाचा निरोप पाठवून बघावा. शब्द मोजून. यासाठी कायदा बदलायला नको, मोठं बजेट नको. 'तयारी करू द्या' असं जगानं २००३ सालीच म्हणून ठेवलंय.

पण सरकारवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून उरलेलं आपल्यासाठी. १४० कोटींच्या देशात हॅम मोजायला हजारांचा आकडा पुरतो. आणि आपण? हिंजवडी-खराडीत बसून रात्री-बेरात्री ऑन-कॉल असतो. कुठल्या तरी परक्या कंपनीचं पेमेंट पेज दोन मिनिटं बंद पडलं तर अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडतो. फेलओव्हरचे ड्रिल करतो, रनबुक लिहितो. आणि आपल्याच आईबापांच्या गावासाठी आपला प्लॅन काय, तर 'गाडी काढायची'. माझा तोच होता, म्हणून हक्कानं सांगतो.

बारा वर्षांवरच्या कुणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. दोनच भाग: एक रेडिओचं तंत्र, एक नियम. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. तंत्राचा भाग इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा, नियमांचा पाठांतराचा. परीक्षा, निकाल, परवाना मिळून काही महिने जातात हे गृहीत धरा. म्हणून तर वादळ आल्यावर सुरुवात करून भागत नाही. आणि एकट्यानं देऊ नका, गावाकडचा एक जोडीदार धरा. एका टोकाचा रेडिओ म्हणजे नुसता डबा. माझा बापू शाळेत शिक्षक आहे. आता त्याची सातवी-आठवीतली चार पोरं तार कुठं बांधायची यावरून भांडतात.

यानं सगळं सुटतं असा दावा नाही. त्या रात्री बापूकडे सेट असता तरी बाभळी आडव्या पडलेल्याच होत्या आणि गाडीला यायला वेळ लागलाच असता. पण दवाखान्यात लस काढून ठेवायला सांगता आलं असतं, पलीकडून कुणीतरी वाट मोकळी करत आलं असतं. अडीच तासांतला तास-दीड तास वाचला असता. वहिनी आता बऱ्या आहेत, पण रानातली जड कामं होत नाहीत. मी गावी गेलो की चहाला बोलावतात. मला त्या ओसरीवर बसताना अजून अवघडल्यासारखं होतं.

त्सुनामीसारखं काही आमच्याकडे व्हायचं नाही, व्हायलाही नको. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही "आवाज कसा येतोय" विचारत राहू. बहुधा आयुष्यभर तेवढंच होईल आणि तेच बरं.

नानांचा राग मात्र गेलेला नाही. परवा बापूच्या कपाटातून त्यांनी परीक्षेचं पुस्तक काढून नेलंय. वय बहात्तर. म्हणाले, "थर्ड पार्टी म्हणतो मला!" किमान वयाची अट बारा वर्षांची आहे, ती त्यांनी केव्हाच ओलांडली. गुडघ्याची गोळी घेऊन जाईन तेव्हा नियमांचा भाग त्यांच्याकडून म्हणून घेणार आहे.